जुन्या रथाचें वंगण

संस्कृत भाषेंत तेलातुपाला आणि मायेला एकच शब्द आहे. तो म्हणजे स्नेह. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अंगाला तेल लावण्याचे गुण सांगतांना ग्रंथकारानें तीन दृष्टान्त दिले आहेत: तेल मुरलेला घडा, तेलानें मळलेलें कातडें आणि वंगण घातलेला गाडीचा आंस. हीं जशीं स्नेहानें बळकट होतात व कष्ट सोसतात तसें शरीरही होतें, असा त्याचा आशय आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत गाडीचा आंस यावा, यावरून त्या काळच्या पंडितांची नजर पोथीबाहेरही फिरत असे हें उघड दिसतें.

आंसाच्या तेलाला आपल्या मराठींत वंगण हा सुरेख शब्द आहे. बैलगाडीच्या खालीं लोंबणारा वंगणाचा नळा ज्या वाचकांनीं लहानपणीं पाहिला असेल, त्यांना वंगण संपलेल्या गाडीचें कुरकुरणेंही आठवत असेल. तो नळा आतां गेला. परंतु वंगणाची गरज गेलेली नाहीं; ती डोळ्यांआड झाली आहे इतकेंच. आणि जी वस्तु डोळ्यांआड होते तिची हेळसांड होते, हा अनुभव प्रत्येक कुटुंबांत थोडाफार येतोच.

हा विषय आज काढण्याचें कारण एक पत्र आहे. आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षें अमेरिकेंत, कॅलिफोर्निया संस्थानांतील सान होझे या शहरीं राहतो. त्याच्या परवानगीनें पत्रांतील मजकूर येथें देत आहों:

'गुरुजी, शि. सा. न. वि. वि. माझ्याजवळ १९९२ सालची माझदा मियाटा ही उघडी, दोन आसनी गाडी आहे. सकाळीं गाडी थंड असतां दुसरा गिअर पडतांना खरखर होते. येथील एक कारागीर म्हणतो, गिअर बॉक्सचें तेल बदला. दुसरा म्हणतो, तीस वर्षांची पेटी आहे, तिला हात लावूं नका. जुनें तेल काढलें कीं पेटी गेलीच समजा. माझी थोरली मुलगी सोळा वर्षांची आहे. ती म्हणते, "बाबा, आपण दोघेंच हें काम करूं या." आई सहा महिन्यांसाठीं पुण्याहून आली आहे. तिला हें मुळींच पसंत नाहीं. "मुलीच्या जातीनें गाडीखालीं निजून हात काळे करायचे, हें आपल्या घरांत कोणी केलें आहे का? आणि गाडी अंगावर आली तर?" असें ती विचारते. घरांत तीन दिवस यावरून कोणी कोणाशीं धड बोलत नाहीं. आपण काय सांगतां?'

एका वाटीभर तेलावरून तीन पिढ्यांचा अबोला व्हावा, ही गोष्ट आम्हांला हंसण्यासारखी वाटत नाहीं. पत्रांत तीन निरनिराळे प्रश्न आहेत. तेल बदलावें कीं नाहीं, हा पहिला. बदलायचें तर कसें, हा दुसरा. आणि तें काम कोणी करावें, हा तिसरा. त्यांचा विचार क्रमानें करूं. शाळामास्तरानें यंत्राच्या गोष्टींत पडूं नये असें कोणी म्हणेल. परंतु गाडीचें मूळ हस्तपुस्तक आम्हीं मागवून वाचलें आहे, आणि आमच्या पेठेंतील एका वृद्ध कारागिरापाशीं दोन संध्याकाळ बसून न समजलेल्या गोष्टी समजावून घेतल्या आहेत.

प्रथम या गाडीची थोडी ओळख. माझदा ही कंपनी जपानांतील हिरोशिमा शहराची. १९२० सालीं ती स्थापन झाली तेव्हां मोटारींशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. बुचाचा माल करणें हा तिचा धंदा होता आणि तिच्या त्या वेळच्या नांवांतही बूच हा शब्द होता. १९३१ सालीं तिनें एक तीन चाकी मालगाडी काढली व तिला माझदा हें नांव दिलें. कंपनीच्या आद्य चालकांचें आडनांव मात्सुदा. त्याच्याशीं हें नांव जुळतें. शिवाय त्याचा संबंध पारशी धर्मांतील अहुर मज्दाशीं आहे, असें कंपनी स्वतःच सांगते. अवेस्तांतील अहुर तोच वेदांतील असुर, आणि मज्दा हा आपल्या मेधा या शब्दाचा सगोत्र, हें भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. तेव्हां सान होझेच्या त्या गाडीवरील नांव आपल्याला वाटतें तितकें परकें नाहीं.

मियाटा ही १९८९ सालच्या फेब्रुवारींत शिकागो येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. इंग्लंडांत पूर्वीं हलक्या उघड्या गाड्यांची मोठी परंपरा होती. पण त्यांतील प्रसिद्ध एम्. जी. बी. ही १९८० सालीं बंद झाली आणि ती जागा रिकामी पडली. ती या जपानी गाडीनें घेतली. पहिल्या वर्षांतील गाड्यांचें इंजिन १६०० घनसेंटिमीटरचें. वजन सुमारें हजार किलो किंवा त्याहून कमी. तिच्या कर्त्यांनीं डोळ्यांपुढें ठेवलेलें सूत्र 'जिन्बा इत्ताई' असें होतें. त्याचा अर्थ, स्वार आणि घोडा यांचें एक शरीर. २०१६ सालच्या एप्रिलांत या जातीची दहा लाखावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. पुढें २०१७ सालीं पहिल्या पिढीच्या गाड्या मुळाबरहुकूम दुरुस्त करून देण्याची योजना कंपनीनें जपानांत जाहीर केली. सारांश, ही गाडी जुनी असली तरी मोडींत काढण्याजोगी नाहीं, आणि तिच्यावर चार दिवस खर्चणें हा पोरखेळ नाहीं.

आतां पेटीकडे वळूं. गिअर बॉक्सला दंतचक्रपेटी असें नांव आम्ही देऊं शकूं; परंतु कारागीर गिअर बॉक्स म्हणतात, तेंच येथें ठेवतों. इंजिन कांहीं ठराविक वेगांतच नीट काम करतें. गाडी जागची हलवितांना जोर अधिक लागतो आणि वेग कमी. गाडी धांवूं लागली कीं वेग अधिक आणि जोर कमी. ही अदलाबदल पेटींतील लहानमोठीं दांत्यांचीं चक्रें करतात. या चक्रांच्या जोड्या नेहमींच एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांतलें जें चक्र आपणांस हवें तेवढेंच आंसाला जखडायचें, याला गिअर टाकणें म्हणतात. परंतु फिरता आंस आणि फिरतें चक्र यांचा वेग जुळल्याशिवाय त्यांना जखडूं गेलें तर दांत्यावर दांता आपटतो. जुन्या काळचा मोटारवाला क्लच दोनदां दाबून, कानानें इंजिनाचा आवाज ओळखून, हा वेग जुळवीत असे. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत ही जुळवाजुळव पेटीनेंच करावी अशी योजना प्रथम आली. मियाटांत हें काम एक पितळी कडें करतें. तें चक्राच्या शंकूसारख्या अंगावर दाबलें जातें, घर्षणानें दोघांचा वेग एक होतो, आणि मग दांते बिनबोभाट एकमेकांत शिरतात. धांवत्या टांग्यांत चढणारा मनुष्य चार पावलें टांग्याबरोबर धांवतो आणि मगच पायरीवर पाय ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

आतां तेलाची अडचण पाहा. दांत्यांच्या मध्यें तेल टिकून राहिलें पाहिजे, नाहीं तर लोखंडाला लोखंड खाईल. परंतु पितळी कड्याखालून मात्र तेंच तेल क्षणांत बाजूला झालें पाहिजे, नाहीं तर घर्षण कोठून येणार? एकाच तेलानें दोन ठिकाणीं दोन उलट कामें करावयाचीं. थंड सकाळीं तेल दाट असतें. तें कड्याखालून लवकर सरत नाहीं, आणि अधीर हातानें दांडा ओढला कीं खरखर होते. या पिढीच्या मियाटांत थंड असतां दुसरा गिअर जड पडणें हें पुष्कळ मालकांच्या परिचयाचें आहे. तेल जुनें व घाणेरडें झालें असेल तर हा त्रास वाढतो, आणि योग्य नव्या तेलानें पुष्कळदां कमी होतो. मात्र कडेंच झिजलें असेल तर झिजलेलें पितळ कोणतेंही तेल परत आणून देणार नाहीं, हें आधींच समजून असावें. पहिले दोन मैल गाडी सावकाश हांकणें आणि दुसरा गिअर दमानें टाकणें, हा उपाय तर बिनखर्चाचा आहे.

तेल घेतांना बाटलीवर दोन खुणा पाहाव्या. ७५डब्ल्यू-९० ही दाटपणाची खूण. पहिला आंकडा थंडींतील वागणुकीचा आणि दुसरा तापल्यानंतरचा. दुसरी खूण जीएल-४ किंवा जीएल-५ अशी असते. ते अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत. हे वर्ग शाळेंतील इयत्ता नव्हेत, म्हणजे पांचवीचें तेल चौथीच्या तेलाहून शहाणें असें समजूं नये. जीएल-५ हें मुख्यतः मागील चाकांच्या डिफरन्शिअलसारख्या जागीं उपयोगी पडतें. तेथें दांते एकमेकांवर फार जोरानें घसरतात, म्हणून त्या तेलांत गंधक व स्फुरद यांच्या संयुगांचें प्रमाण अधिक असतें. हीं द्रव्यें तापल्यावर तांब्याच्या मिश्रधातूंना बाधण्याचा संभव असतो. आजचीं पुष्कळ तेलें या बाबतींत सुधारलेलीं आहेत. तरी फार निसरड्या तेलावर पितळी कड्याची पकड बसत नाहीं ही अडचण उरतेच. गाडीच्या पुस्तकांत दोन्ही वर्ग चालतात असें छापलें आहे. परंतु जाणत्या मालकांचा कल जीएल-४ कडे दिसतो, आणि कारण समजल्यावर आम्हांलाही तोच कल बरोबर वाटतो.

दुसऱ्या कारागिरानें घातलेली भीति मात्र तपासून पाहिली पाहिजे. 'जुनें तेल काढलें कीं पेटी जाते' ही समजूत मूळची आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीविषयींची आहे. त्या पेटींत घर्षणाच्या चकत्या असतात व त्या तेलांतच बुडालेल्या असतात. त्या चकत्या झिजून गेल्यावर, पेटी अखेरच्या घटका मोजूं लागली म्हणजे मालकाला तेलाची आठवण होते. पुढें पेटी बंद पडते आणि दोष नव्या तेलावर येतो. मरणाच्या दारीं वैद्य आणला तर लोक वैद्याच्याच हातचा गुण काढतात, त्यांतलाच हा प्रकार म्हणावयाचा. हातानें गिअर टाकण्याच्या पेटींत तशा चकत्या नाहींत. तिच्यांतील जुन्या तेलांत झिजलेल्या धातूचा कीस तरंगत असतो. तो आंत ठेवण्यानें पेटीला आधार मिळतो असें मानण्यास कांहीं कारण नाहीं. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट आहे: तेल बदलावें.

आतां कृति. सामान पुढीलप्रमाणें जमवावें. गाडी उचलण्याचा जॅक, गाडीचें वजन पेलणाऱ्या चार लोखंडी घोड्या, बुचांना नीट बसणारा २४ मिलिमीटरच्या आसपासचा पाना, दोन नवे वॉशर, तेल झेलण्याचें पसरट भांडें, नळी लावलेलें नरसाळें किंवा हातपंप, आणि भरपूर चिंध्या. पेटींत सुमारें २ लिटर तेल मावतें. अमेरिकेंत तेल क्वार्टच्या बाटल्यांतून मिळतें व एक क्वार्ट ९४६ मिलिलिटरचा. दोन बाटल्यांचें तेल १८९२ मिलिलिटर झालें. म्हणजे १०८ मिलिलिटर कमी पडणार. म्हणून बाटल्या तीन आणाव्या. हें त्रैराशिक दुकानांत जाण्यापूर्वीं मुलीकडून करवून घ्यावें.

प्रथम पाव तास गाडी फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट निघेल. मात्र धुराड्याची नळी तेव्हां फार तापलेली असते. ती हात लावण्याजोगी होईपर्यंत थांबावें. जागा सपाट व फरसबंदीची असावी. डांबर उन्हानें मऊ होतें आणि घोडी त्यांत रुतते. हातब्रेक ओढावा, चाकांना अटकाव लावावा, आणि पुस्तकांत दाखविलेल्या जागींच जॅक लावून गाडी चारी बाजूंनीं सारखी उचलून चार घोड्यांवर ठेवावी. गाडी सपाट राहिली नाहीं तर तेलाची पातळी चुकते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही, एका क्षणासाठींसुद्धां, जाऊं नये. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. गाडी सटकून माणसें दगावल्याच्या बातम्या सर्व देशांतून येतात, आणि त्यांतील पुष्कळ 'एवढें एकच बूच काढतों' म्हणून खालीं गेलेलीं असतात. घोड्यांवर ठेवल्यावर गाडीला दोन्ही हातांनीं जोराचा धक्का द्यावा. ती हालली तर पुन्हां उतरवून पहिल्यापासून मांडावी. अंगठी, बांगड्या, ओढणी काढून ठेवाव्या, केस घट्ट बांधावे, डोळ्यांवर चष्मा घालावा. हा नियम लेकीइतकाच बापालाही आहे.

पेटीला दोन बुचें असतात: एक बाजूला, भरण्याचें, एक तळाला, सोडण्याचें. या कामांतील सर्वांत मोठा नियम असा कीं, भरण्याचें बूच आधीं सैल करून पाहावें. तीस वर्षें न हाललेलें बूच कधीं कधीं जाम बसलेलें असतें. तळाचें बूच काढून तेल सोडून दिलें आणि मग वरचें बूच निघेनासें झालें, तर रिकाम्या पेटीची गाडी दारांत अडकून पडते. घरांतील जुनें धान्य काढण्यापूर्वीं नवें येणार आहे कीं नाहीं हें गृहिणी पाहते, त्यांतलीच ही सावधगिरी आहे.

वरचें बूच निघालें म्हणजे तळाचें काढावें व भांड्यांत तेल पडूं द्यावें. तें थेंब थेंब होईपर्यंत घाई करूं नये; हा वेळ तेल पाहण्याचा आहे. पुष्कळ बुचांना आंतून लोहचुंबक असतो. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप दिसला तर चिंतेचें कारण नाहीं. ती वयाची झीज होय. तेलांत पिवळसर चकाकी दिसली तर पितळी कडीं झिजत आहेत असें समजावें. दांत्याचा तुकडा हाताला लागला तर मात्र पेटी उघडणाऱ्या कारागिराची गांठ घेतली पाहिजे. वैद्य नाडी पाहतो तसें हें आहे. जुनें तेल पेटीची हकीकत सांगतें, ती ऐकल्याशिवाय भांडें बाजूला सारूं नये.

नंतर नवा वॉशर घालून तळाचें बूच बसवावें. तें हातानें फिरवून आटे नीट लागले हें पाहावें आणि मगच पाना लावावा; पेटीचें अंग ॲल्युमिनियमचें असतें, आटे एकदां वाकडे गेले कीं दुरुस्ती महागांत पडते. किती आंवळावें याचें माप पुस्तकांत दिलें आहे. बळ मोजणारा पाना मिळाल्यास तोच वापरावा. मग वरून नळी सोडून बाजूच्या छिद्रांतून तेल भरावें. एकानें वर नरसाळें धरावें, दुसऱ्यानें खालीं नळीचें टोंक. छिद्राच्या कडेवरून तेल बाहेर झिरपूं लागलें म्हणजे पातळी भरली. झिरपणें थांबल्यावर बूच बसवावें. याशिवाय गिअरच्या दांड्याच्या बुडाशीं एक निराळी लहान वाटी आहे. तींत सुमारें ८० ते ९० मिलिलिटर तेल लागतें. ती पुष्कळ लोक विसरतात, आणि मग पेटी भरलेली असूनही दांडा कोरडा राहतो. तिसऱ्या बाटलींतलें तेल येथें कामास येईल. दांड्याभोंवतींचीं रबराचीं टोपणें फाटलेलीं असतील तर त्याच वेळीं बदलावीं. गाडी खालीं उतरवून एक फेरी मारावी, सर्व गिअर टाकून पाहावे, आणि परत आल्यावर बुचाखालीं कोरडा कागद पसरून सकाळीं डाग पाहावा.

राहिला तिसरा प्रश्न, आणि घरांतला अबोला त्याच्यामुळेंच आहे. त्या मातोश्रींच्या बोलण्याचे आम्ही दोन भाग करतों. 'गाडी अंगावर आली तर?' ही भीति खरी आहे, आणि तिच्यासाठीं त्यांना कोणी हंसूं नये. हजार किलोचें ओझें नातीच्या छातीवर टांगलेलें ज्या आजीला दिसतें, तिला इतरांपेक्षां जास्तच दिसतें. अशा भीतीचें उत्तर धिटाईनें देतां येत नाहीं. तें चार घोड्यांनीं आणि एका धक्क्यानें द्यावें. तो धक्का आजींच्या समोर, त्यांचें समाधान होईपर्यंत द्यावा. शिवाय गाडीखालीं काम चाललें असतां बाहेर एक शहाणें माणूस केवळ लक्ष ठेवण्यास असलें पाहिजे, असा या कामाचा एक नियमच आहे. खुर्ची टाकून बसण्याचें तें काम आजींहून चांगलें कोण करील? 'अजून धक्का दिला नाहीं, खालीं जाऊं नकोस' असें म्हणण्याचा अधिकार त्यांच्या हातीं असावा आणि तो दोघांनीं मानावा.

परंतु 'हात काळे होतील' आणि 'मुलीच्या जातीनें' हा जो दुसरा भाग, तो आम्हांला मान्य करतां येत नाहीं. त्यांच्या पिढीच्या किती तरी गृहिणींनीं रॉकेलच्या स्टोव्हला पिन केली आहे, पंपाचा कातडी वॉशर बदलला आहे, काजळी धरलेला बर्नर साफ केला आहे. तेव्हां हात काळे होत होतेच. त्यावरून कोणाची जात गेली नाहीं. स्टोव्हचा वॉशर आणि गाडीचा वॉशर एकाच कुळांतले आहेत. भडकलेल्या स्टोव्हशेजारीं बसणें हें घोड्यांवरील गाडीखालीं जाण्यापेक्षां कमी धोक्याचें होतें, असेंही कोणी म्हणणार नाहीं. आपण ज्याला बायकांचें काम म्हणत आलों त्यांत यंत्र नव्हतें असें नव्हे. त्याला यंत्र असें नांव आपण दिलें नव्हतें.

दोष मुलीचा नाहीं आणि आजीचाही नाहीं. तो आपल्या शिकलेल्या घरांच्या एका जुन्या खोडीचा आहे. खंडेनवमीला कारागीर आपलीं हत्यारें पुसून पाटावर मांडतो व त्यांना गंधफूल वाहतो. आपल्या घरांत दसऱ्याला पाटी आणि पोथी पुजली जाते, आतां संगणकालाही हळदकुंकू लागतें, गाडीला झेंडूचा हार पडतो; पण त्या गाडीचें बूच काढणारा पाना पुष्कळ घरांत शोधूनही सांपडत नाहीं. विद्येची पूजा करावी यांत वाद नाहीं. परंतु ज्या वस्तूवर आपण रोज विसंबतों तिच्या पोटांत काय आहे हें जाणण्याची इच्छाच होऊं नये, हें विद्येचें लक्षण नव्हे. सोळा वर्षांच्या मुलीला ती इच्छा झाली आहे. दोन वर्षांत ती कॉलेजासाठीं घराबाहेर पडेल. बापाशेजारीं बसून एक शनिवार काम करण्याची संधि तिनें आपण होऊन मागितली आहे; ती नाकारण्यापूर्वीं बापानें आणि आजीनें पुन्हां एकदां विचार करावा.

काम संपल्यावर एक कर्तव्य उरतें. काढलेलें तेल रिकाम्या बाटल्यांत भरून, झांकणें लावून, जुनें तेल घेणाऱ्या केंद्रांत नेऊन द्यावें. अमेरिकेंत मोटारीच्या सुट्या भागांचीं पुष्कळ दुकानें तें फुकट घेतात. एका वेळच्या तेलबदलांतलें तेल दहा लाख गॅलन गोडें पाणी बिघडवूं शकतें, असें तेथील पर्यावरण-संरक्षण खातें सांगतें. आपल्याकडे जळकें ऑइल गटारांत ओतण्याची किंवा वाळवीसाठीं लांकडाला फासण्याची चाल आहे. ती आतां सोडली पाहिजे. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हा घातक कचरा आहे. आपल्या अंगणांतील आडाला जो न्याय, तोच परमुलुखांतील झऱ्याला. शेवटीं एक वही करावी: तारीख, मैल, तेलाचें नांव, बुचावर काय आढळलें. पुष्कळ मालक तीस हजार मैलांच्या सुमारास हें तेल पुन्हां बदलतात. त्या वेळीं ही वही उपयोगी पडेल. पहिली नोंद मुलीच्या अक्षरांत असावी, आणि साक्षीदार म्हणून आजींची सही घ्यावी.

पत्राचें उत्तर आम्हीं टपालानें निराळें पाठविलेंच आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आजी, सासू किंवा लेक यांनीं एखादें यंत्र आपल्या हातानें दुरुस्त करून वर्षानुवर्षें चालविलें असेल, त्यांनीं ती हकीकत आम्हांस अवश्य लिहून कळवावी. निवडक पत्रांचा परामर्श पुढील एखाद्या अंकांत घेऊं.